गच्चीवरच्या कूलरचा सूड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे, आणि मी अजून कुणालाही माफ केलेलं नाही.

माझा जन्म हैदराबादच्या कोठी बाजारातल्या एका बोळात, पत्रा ठोकणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. चाचणीसाठी मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा शेजारच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गणिताचं एक गाईड जे उडालं, ते थेट विद्यानगरात एका नापास मुलाच्या मांडीवर जाऊन पडलं. तो मुलगा पुढे इंजिनियर झाला. खोटं वाटत असेल तर विद्यानगरात कुणालाही विचारा. तिथं कुठलंही दार वाजवलं तरी इंजिनियरच उघडतो.

मला बरकतपुऱ्यातल्या घरी आणलं ते नामदेवरावांनी. मूळचे उदगीरकडच्या शेतकरी घरातले, हैदराबादेत नोकरीला येऊन इथलेच झालेले. त्यांच्या पत्नी मालनबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मला खिडकीत बसवलं. कूलरची जागा खिडकीतच. पाठीनं बाहेरची कोरडी हवा ओढायची, ओल्या गवतातून गाळायची आणि गार करून घरात सोडायची. त्या हवेला बाहेर पडायला समोरची खिडकी मात्र उघडी हवी. एवढं पथ्य पाळलं की माझ्यासारखा गुणी दुसरा नाही. भर मे महिन्यात मालनबाई माझ्यासमोर शाल पांघरून बसत. माझ्या वाऱ्यानं समोरच्या घरातल्या प्रणिताकाकूंच्या कॅलेंडरची पानं अशी उलटत, की त्या एप्रिलमधून एकदम जुलैत जात. त्यांना उन्हाळा असा लागलाच नाही.

नामदेवरावांचा मुलगा युवराज. माझ्या वाऱ्यात झोपून वाढला, माझ्या वाऱ्यात बसून दहावी पास झाला, आणि कमावता झाल्यावर त्यानंच घरात एसी आणून मला गच्चीवर नेऊन टाकलं. माझ्या पोटात फाटके झाडू ठेवले. माझ्याच डोक्यावर बसून तो फोनवर बोलायचा, "नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला की आधी हा डब्बा भंगारात!"

डब्बा! कूलरच्या जातीला स्मरणशक्ती असते, मित्रांनो. गंज चढला म्हणून ती जात नाही.

यंदाच्या चैत्रात युवराजला नांदेडला बदली आली. घ्यायची की नाही, हे त्यानंच ठरवायचं होतं. त्याची बायको त्रिवेणी गच्चीवर कुरडया घालता घालता म्हणाली, "चला की हो. तिथं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर. इथं तुम्ही शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाता. पोरीनं शाळेत घरातल्या माणसांचं चित्र काढलं, तर तुमच्या जागी नुसतं हेल्मेट काढलंय."

"नक्को!" युवराज म्हणाला. "त्या ना लहान ना मोठ्या, मधल्याच शहरात माझा जीव रमायचा नाही. मी नाही म्हणून कळवणार."

"आणि गेलोच, तर हा कूलर न्यायचा," त्रिवेणी म्हणाली. "तिथं माझ्या माहेरी अजून कूलरच असतात."

झालं! नांदेड म्हणजे माझं आयुष्य आणि हैदराबाद म्हणजे भंगार. मी त्याच क्षणी नांदेडकर झालो.

रविवारी त्रिवेणीचे शशिकांतमामा नांदेडहून समजूत घालायला आले. पानं वाढली आणि नेमकी लाईट मंदावली. एसी पडला गप्प. नामदेवराव म्हणाले, "आणा रे तो गच्चीवरचा कूलर. तो एवढ्यावरबी चालतो."

मला खाली आणलं, खिडकीत बसवलं, गवत भिजवलं. आणि युवराजनं एसीच्या सवयीनं पहिलं काम काय केलं? दार लावलं, समोरची खिडकीही लावली!

"अरे, उघडी ठेव ती. कूलर हाय," नामदेवराव म्हणाले.

"बाबा, गार हवा बाहेर जाते. शिवाय घरातलं बोलणं गल्लीला कशाला ऐकवायचं?"

मित्रांनो, शत्रूनं स्वतःच्या हातानं दार लावून घ्यावं, याहून मोठं सुख नाही. मी सगळं पाणी हवेत ओतलं. पापड लोळागोळा झाले. मामांच्या सदऱ्याची इस्त्री निघून गेली. मिठाच्या वाटीत असं तळं साचलं, की चमचा पोहायला शिकला. वर माझ्या पंख्याचा एक स्क्रू मी मुद्दाम ढिला सोडला. असा खडखडाट केला, की युवराजला ओरडूनच बोलावं लागलं.

"मामा! तिथं मोठा डॉक्टर नाही! पोरीला शिकायला पुढं बाहेरच पाठवावं लागेल!"

"कामून ओरडायलास रे? जीव गुदमरायला," म्हणत मालनबाईंनी समोरची खिडकी सताड उघडली. युवराज मात्र ओरडतच होता, आणि नेमका तेव्हा मी श्वास रोखून पंखा थांबवला. त्याचं पुढचं वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"आणि असल्या शहरात शेजारचे लोक आपल्या घरात नाक खुपसतात!"

समोरच्या खिडकीत प्रणिताकाकू उभ्याच होत्या. "युवराज, त्यासाठी नांदेडला कशाला जायला पाहिजे रे? मी हाय की इथं!"

गल्ली हसली. काकू हसल्या नाहीत. "खुपसते मी नाक. म्हणून मला ठाऊक हाय, तुझी मृण्मयी रोज संध्याकाळी तुझी वाट बघत जिन्यात बसते, आणि मग तिथंच पेंगते. तुला ठाऊक हाय का?"

युवराजचा चष्मा वाफेनं आंधळा झाला होता. त्यानं तो पुसला नाही.

शशिकांतमामा हळूच म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बोललात ते खोटं नाही. मोठं दुखणं आलं की आम्हीबी हैदराबादचीच गाडी धरतो. पोरं शिकली की निघून जातात. आमच्या नांदेडात तुम्ही किती वाजता घरी आलात, ते कोपऱ्यावरचा पानवालाबी सांगेल. पण बापू, तुम्ही दिवसाउजेडी घरी आलेले असाल."

युवराजनं आता चष्मा पुसला. मग तो त्रिवेणीला म्हणाला, "सामान बांधायला घे."

म्हणून सांगतो मित्रांनो, शहर लहान असो, मोठं असो की मधलं, घराची खिडकी उघडी ठेवा. वारा येईल, बोलणी येतील, दोन्ही सोसा. आणि उन्हाळ्याआधी कूलरचं गवत बदला, शिळं पाणी काढा, गंज घासा. ही विनंती समजू नका. मी काय करू शकतो, ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

आज सकाळी टेम्पो आला. पोटातलं गंजकं पाणी न काढताच मला सामानाच्या ढिगावर चढवलं, आणि जागा नव्हती म्हणून युवराज पांढरा शर्ट घालून माझ्याच खाली त्या ढिगाला टेकून बसला. मृण्मयी ओरडली, "पप्पा, हा गळतोय!"

मी गळत नव्हतो. मी नेम धरत होतो.