हीटरची चाल्या

फिशटँकचा हीटर निवडायला मला फार वेळ लागतो. काचेचा घ्यावा की स्टीलचा, आपल्या टाकीला किती ताकदीचा पुरेल, हे सगळं वाचून काढतो आणि दुकानात जाऊन गप्प उभा राहतो. या खेपेला मात्र घाई होती. माझ्या एंजल माशांच्या जोडीने पहिल्यांदाच पानावर अंडी घातली होती, आणि जुना हीटर आपोआप बंद व्हायचं विसरला होता. पाणी नको तितकं तापे. तो काढावा, तर उंच डोंगरांतल्या ला पाझ शहराच्या थंडीत अंड्यांना बुरशी लागणार. सोमवारी बाजार उठता उठता मी काचेचा चांगला हीटर आणला.

दुसऱ्या दिवशी कार्निव्हलचा मंगळवार. मी हीटर बसवणार, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या कासिल्दाबाई ताट घेऊन आल्या. ताटात पाकळ्या, रंगीत कागदांचे तुकडे, अल्कोहोलची बाटली. त्या दिवशी घर, दुकान, गाडी, जे जे आपल्याला पोसतं त्याची चाल्या करायची असते: भूमातेला थोडे थेंब, वस्तूला थोडे थेंब, वर कागदांची उधळण. बाईंनी माझ्या उंबऱ्याची केली, पुस्तकांच्या कपाटाची केली. मग त्यांना हीटर दिसला.

“नवा ना? आणि तसाच कोरडा बुडवणार होतात, मास्तर?”

मी म्हटलं, याचीही करा.

“अशी नाही, आधी चालू करा. बंद वस्तूला आशीर्वाद चिकटत नाही. भाच्याच्या मिनीबसची केली, तेव्हा इंजिन घुरघुरत होतं.”

काचेचा हीटर पाण्याबाहेर चालू करायचा नसतो. खोक्यावर तसं लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. पण बाईंच्या हॅटवर गुलाबी कागदी फीत गुंडाळलेली होती, आणि त्यांच्यासमोर माझं बोलणं ‘पण’च्या पुढे कधी गेलेलं नाही.

“पण,” मी म्हणालो, आणि प्लग लावला.

लाल दिवा लागला. बाई खूश झाल्या, म्हणून मीही झालो. जमिनीवर थेंब वाहून त्या काहीतरी पुटपुटल्या, बरंच पुटपुटल्या. मग गार अल्कोहोलची धार तापलेल्या काचेवर पडली. टक्. काच उभी तडकली, दिवा विझला. मी प्लग ओढला. कागदाचे तुकडे तेवढे सावकाश खाली येत राहिले.

“लागू पडली म्हणायची,” बाई हळूच म्हणाल्या.

मला हसू फुटलं ते थांबेना. त्यांचंही थांबेना. अखेर माझं लक्ष थर्मामीटरकडे गेलं. पारा उतरत होता, आणि बाजारात एकही दुकान उघडं नव्हतं.

जुना हीटर मी टाकला नव्हता. मी काहीच टाकत नाही. त्याच्यावर क्षारांचा पांढरा थर चढला होता. बाईंनी खालून व्हिनेगर आणलं. त्यात भिजवून आम्ही तो जुन्या ब्रशने घासला, धुतला, काचेला तडा नाही ना ते उजेडात पाहिलं. पाण्यात बुडवून, काच पाण्याइतकी गार होऊ देऊन, मगच प्लग लावला. मी बाईंना सांगितलं की हा स्वतःहून थांबत नाही. कोणीतरी पाऱ्यावर नजर ठेवून हातानेच बंद-चालू करायला हवा.

“म्हणजे नोकरीच की,” म्हणत बाईंनी खुर्ची ओढली. “तुम्ही लावा, मी काढते.”

ते आम्ही दिवसभर केलं, आणि रात्री पाळीपाळीने. खालून बँड गेला की बाई प्लग हातात धरूनच गिरकी घेत. पोरांनी फेकलेला पाण्याचा फुगा खिडकीवर फुटला, तेव्हा मी त्यांना पाणी तापवून फेका म्हणून ओरडलो. मी! दुपारी बाईंनी पुचेरो, म्हणजे पीच घातलेला कार्निव्हलचा मटणाचा रस्सा, आणला आणि आम्ही एकेका हाताने जेवलो. एकदा दोघांचे हात एकाच वेळी प्लगवर गेले, आणि पाणी काही वेळ उगीचच तापत राहिलं.

बुधवारी पानावर पाहतो तर अंडी नव्हती. इवल्या काळ्या शेपट्या होत्या, सगळ्या एकदम थरथरत होत्या. आईबाप वरून पंख हलवत होते. बाईंनी माझा दंड धरला. बराच वेळ सोडला नाही.

“दुकानं उघडली असतील,” त्या शेवटी म्हणाल्या. “नवा आणायचा ना?”

“पण,” मी म्हणालो. आणि पुढचे शब्द आपसूक आले. “घाई नको. हीटर निवडायला मला फार वेळ लागतो.”

बाईंनी पारा पाहिला, प्लग काढला आणि त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “सावकाश वाचा.”