मिस्सेआधीचं पाणी

सेवेला निघालेल्या आमच्या मंडळात देवाने प्रत्येकाला काही ना काही दान दिलं होतं. तासोनी इरिनीला, म्हणजे इरिनीताईला, पुढारपण, डॉक्टर वगीहना दातांचं ज्ञान आणि मला गाढवाचा मागचा भाग. कैरोहून आम्ही मिन्याकडच्या गावांत पवित्र कुटुंबाच्या पलायनाचं नाटक घेऊन आलो होतो. गाढवाचं तोंड किरिल्लोसकडे होतं. त्याला निदान बाहेरचं दिसायचं.

आदल्या दिवशी फेब्रोनिया नावाची चिमुरडी भर प्रयोगात माझ्या शेपटीला लोंबकळली. मारिया, योसेफ आणि बाळ येशू पुढे निघून गेले, गाढव जागेवरच. गाव पोट धरून हसलं. आज सकाळी तीच पोरगी चर्चच्या ओसरीत चटईवर पडली होती. रात्रभर जुलाब आणि उलट्या. डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे.

डॉक्टर वगीहनी तिला तपासलं. "दात उत्तम आहेत," ते म्हणाले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "अंगातलं पाणी संपत आलंय. मीठ-साखरेचं पाणी द्या, चमच्या-चमच्याने. आणि शहरातल्या इस्पितळात न्या. लगेच."

आमची बस मिस्सेच्या प्रार्थनेसाठी धर्मगुरू अबूना बिशारांना आणायला गेली होती, कारण त्यांची गाडी पलीकडच्या गावात बंद पडली होती. गावातले दोन्ही पिकअप आणि एकुलती एक टुकटुक रिक्षा बसच्या मागोमाग ढोल घेऊन गेलेली. अबूना येणार आणि ढोल नाहीत, हे गावाला चालणार नव्हतं.

मी पाणी ढवळून आणलं. पोरीची आजी चटईपुढे भिंतीसारखी बसली होती. जेरुसलेमला जाऊन आल्यापासून सगळं गाव तिला मुकद्दसा तफीदा म्हणायचं.

"मिस्सा झाल्याशिवाय थेंब नाही," ती म्हणाली. "अबूनांच्या हातून पवित्र भोजन घ्यायचंय तिला. मध्यरात्रीपासून तोंड कोरडं ठेवलंय."

"आजी, आजाऱ्याला उपास माफ असतो."

"असं अबूनांनी सांगावं. तू अबूना आहेस?"

"नाही."

"मग कोण तू?"

"गाढव. मागचं."

"मग मागेच राहा."

मी तासोनीकडे पाहिलं. "मी कशी परवानगी देऊ, कारास?" ती म्हणाली आणि अबूनांना पुन्हा फोन लावला. तिकडे घंटी वाजत होती. ढोलांत ती कोणाला ऐकू येणार?

"हिचा बाप असाच पडला होता," आजी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "उपाशीपोटी भोजन घेतलं आणि उठून बसला. आज कुवेतमध्ये क्रेन चालवतो. तुझ्या साखरेने चालवली असती का?"

मी पेल्यातली साखर पुन्हा ढवळली.

तेवढ्यात पोरगी पुटपुटली, "गाढव कुठाय?"

मी उठलो आणि गाढवाचा मागचा भाग चढवला. आजीने हरकत घेतली नाही. ढुंगण वर करून मी चटईभोवती फिरलो, पडलो, स्वतःच्याच शेपटीवर बसलो. पोरीच्या ओठांचा कोपरा हलला. मग मी कापडाचा घोळ तिच्यावर पांघरला आणि आतल्या अंधारात चमचा तिच्या तोंडाशी नेला.

"पटकन पी. आजीला दिसत नाही."

"मिस्सा झाली?"

"गाढवांची झाली. पी."

"मी गाढव नाहीये," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटले. घोट गिळावा तसं तिने कोरडंच गिळलं. मग तिने शेपूट मुठीत धरली. मी तसाच ओणवा राहिलो, चमचा वाळेपर्यंत.

ढोल ऐकू आले तेव्हा ऊन ओसरीत आलं होतं. अबूना बसमधून उतरले, पोरीकडे त्यांची नजर गेली आणि ते ढोलांच्या वर आवाज चढवून ओरडले, "पाणी का नाही दिलं? आजाऱ्याला कसला उपास, मुकद्दसा!"

आजीने क्षणभरही वाद घातला नाही. पेला माझ्या हातून हिसकावलाच. "पी गं राणी, अबूना म्हणतायत. चालतं आता."

पाणी ओठांत गेलं आणि कोपऱ्यातून गळ्यावर उतरलं.

बसमध्ये पोरगी आजीच्या मांडीवर होती आणि मी शेजारी, कारण शेपूट तिच्या मुठीत होती. आजी रस्ताभर चमचा लावत होती. "चालतं आता. चालतं गं." अबूना हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत होते. मागून पिकअप ढोल बडवत येत होते. त्यांना वाटलं, अबूना परत निघाले. थांबून त्यांना सांगायला कोणालाच वेळ नव्हता.

इस्पितळातल्या डॉक्टरने मनगट धरलं, हळूच खाली ठेवलं, नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "हा कोण?"

"गाढव," आजी म्हणाली. "तिचं."

मूठ काही सुटेना. अबूना म्हणाले, राहू दे तिच्यासोबत. तासोनीने कात्री आणली आणि शेपूट बुडापासून कापली.

पुढच्या गावात आम्ही बिनशेपटीच्या गाढवाचा प्रयोग केला. कापडाच्या आतून मला फक्त पाय दिसायचे. लहान पाय धावत मागे यायचे, थोडं थांबायचे आणि परत जायचे.