आतली चकती

चीर चंद्रकोरीच्या आकाराची होती आणि ती आतून बाहेर आलेली होती. ताईने काठीच्या टोकाचा तो रबरी बूट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बाहेरून पडलेली चीर फाकते, तिच्या कडा ओबडधोबड असतात. ही मात्र सुरीने कापल्यासारखी साफ होती. काठीच्या पोकळ नळीची कड रोज थोडं थोडं रबर कापत गेली होती, आणि एके दिवशी तळ फोडून थेट फरशीला टेकली होती. ओल्या फरशीवर नळी टेकली की काठी सरकते, आणि काठीबरोबर माणूस.

सरकलेला माणूस समोरच्या बाकावर बसला होता. निवृत्त मास्तर. उजव्या मनगटाला प्लास्टर. काठीला बसवायचे हे बूट ते ताईच्या वडिलांच्या वेळेपासून इथलेच घेत, हल्ली बाजारातल्या दुकानातून.

"तुझ्या वडिलांनी असला माल हातात ठेवला असता का गं?" मास्तरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

ताईने बुटात बोट घातलं. तळाशी नुसतं रबर. बूट तिचा नव्हता, हे बोट घालायच्या आधीच तिला कळलं होतं. "थांबा, बदलून देते," ती म्हणाली. कपाटातून नवा बूट काढला, मास्तरांच्या काठीला पिळून बसवला, काठी जमिनीवर दाबून पाहिली. मास्तर निघाले तेव्हा दारापर्यंत पोचवायलाही गेली. बूट माझा नव्हता, एवढं एक वाक्य काही तिच्या तोंडून निघालं नाही. ते निघालं असतं, तर मग कुणाचा, हेही सांगावं लागलं असतं.

कारखाना म्हणजे रबर दाबायची दोन यंत्रं, एक भट्टी आणि तयार मालाची खोली. काठ्या आणि कुबड्यांच्या टोकांचे बूट, बाकी काही नाही. वडील फारसे शिकलेले नव्हते, पण चिकाटीचा माणूस. काळ्या रबराचे पट्टे फरशीवर उमटतात आणि फरशी पुसणाऱ्या बाया शिव्या घालतात, म्हणून त्यांनी राखाडी मिश्रण जमवलं. तळाला तीन वर्तुळाकार कंगोरे काढले, आणि बुटाच्या आत, नळी टेकते तिथे, पोलादाची छोटी चकती घातली. नळीने कितीही कापू म्हटलं तरी चकतीपुढे तिचं काही चालायचं नाही. ती चकती बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाइकाला ती आहे हेही ठाऊक नसतं. तो फक्त पडत नाही, इतकंच.

वडील गेल्यावर वाटणी झाली. घर धाकट्या भावाला, कारखाना ताईला. आई घराबरोबर राहिली. वाटणी कुणालाही वावगी वाटली नाही. आणि मग धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड घेऊन काठीचेच बूट काढायला सुरुवात केली.

काढले असते, त्याचंही काही नव्हतं. बाजार कुणाच्या मालकीचा नसतो. पण त्याने तोच राखाडी रंग घेतला, तेच तीन कंगोरे, तसाच निळा डबा, आणि डब्यावरचं नाव असं की फरक कळायला चष्मा लागावा. ज्यांना चष्मा लागतो तेच हे बूट विकत घेतात. चकती मात्र त्याने गाळली, आणि रबरात खडूची भुकटी इतकी घातली की बूट नखाने दाबला तर खूण राहायची. किंमत अर्थातच कमी. दुकानदार हसत म्हणायचे, ताई, तुमचाच माल तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतोय.

एकदा तो स्वतः कारखान्यात आला होता. यंत्राशेजारी, लहानपणी बसायचा त्याच पेटीवर बसला. तिने रंगाचा विषय काढला, तर म्हणाला, "राखाडी रंग काय आपल्या बापाने विकत घेतला होता?"

"शोधला होता."

"मग तो माझाही बाप होता ना." आणि तिच्याच कपातला उरलेला चहा पिऊन तो निघून गेला. जाताना, वडिलांच्या वेळेपासून यंत्र चालवणाऱ्या काकांना म्हणाला, कंटाळलात की या माझ्याकडे, तिथे चकत्या घालायची कटकट नाही. काका बराच वेळ हात पुसत राहिले.

तेव्हा आईने ताईला बोलावून घेतलं होतं. घरातलं घरात राहू दे, म्हणाली, भावाला कोर्टात उभं केलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. ताई गप्प बसली. लहानपणापासून गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरला नव्हता. फाटलेले बूट तिच्याकडेच यायचे, कारण डबा तिचा वाटायचा. ती काही न बोलता फाटका घ्यायची आणि आपला द्यायची. नाव राखलं पाहिजे, एवढंच डोक्यात. कुणाचं नाव आपण राखतोय, हे तिने कधी नीट तपासलं नाही.

मग हाडांच्या इस्पितळातून फोन आला. भांडारपाल भला माणूस, चाचरत बोलला. बूट फाटतात अशा तक्रारी आहेत, पुढची मागणी तूर्त थांबवली आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कारखाना त्या मागणीवरच चालत होता. दुसऱ्या दिवशी काकांनी एकच यंत्र तापवलं, कारण विचारलं नाही.

वकीलबाईंच्या टेबलावर ताईने दोन बूट शेजारी ठेवले. बाईंनी दोन्ही उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, मला तर जुळे दिसताहेत. ताईने त्यांना दोन्हीत बोट घालायला लावलं. दुसऱ्यात बोट जाताच बाईंच्या भुवया वर गेल्या.

काय काय करता येईल ते बाईंनी शांतपणे सांगितलं. ग्राहकाने एकाचा माल समजून दुसऱ्याचा घ्यावा अशी मांडणी केली, की तिथे दाद मागता येते. निकाल लागेपर्यंत विक्री थांबवा, असा तातडीचा मनाई हुकूम मागता येईल. कोर्टाचा माणूस जाऊन माल आणि साचे सील करू शकतो. झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, किंवा त्याऐवजी त्याने कमावलेला नफा. शिवाय वर्तमानपत्रात खुलासा छापायला लावता येतो, की तो माल यांचा नव्हे. इस्पितळासाठी तोच कागद तुमच्या कामाचा.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" बाईंनी मग विचारलं.

"पहिला डबा निघाल्यापासून."

"आणि फाटका बूट घेऊन कुणी आलं की?"

"बदलून द्यायचे."

"त्याचा बूट, तुमच्याकडून?"

"हो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, त्याचा माल बाजारात टिकला तो तुमच्या हमीवर. फाटला तरी तक्रार नाही, कारण तुम्ही बसला होतात ना भरून द्यायला. उद्या समोरचा वकील काय म्हणेल? बाईंना सगळं ठाऊक होतं, बाईंनी चालवून घेतलं, वर माल आपलाच असल्यासारखा बदलूनही दिला. मग आजच असं काय झालं?"

ताईने पाणी मागितलं.

"भावावर दावा लावायला येणारे एक तर ओरडत येतात, नाही तर पाणी मागतात," बाई म्हणाल्या. "ओरडणारे बहुतेक परत येत नाहीत. तुमचा दावा उभा राहतो, पण गप्प बसाल तितका तो लंगडा होत जाईल, आणि त्याला बसवायला तुमच्याकडेही बूट नाही. कागद तयार करून ठेवते. सही करायची की नाही ते मला सांगा. आणि तोवर कृपा करून कुणाला काही बदलून देऊ नका."

विचार करून सांगते, असं ताई म्हणाली. हे वाक्य ती कित्येक वर्षं म्हणत आली होती. नुसते ऐकणारे बदलत गेले.

सुट्टीच्या दिवशी ती आईला भेटायला गेली. पर्समध्ये एक नवा बूट होता. मास्तरांचं प्लास्टर पाहिल्यापासून आईची काठी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आई त्या घरात राहते, म्हणजे तिच्या काठीला त्या घरचाच बूट असणार. वकीलबाईंनी बदलायचं नाही म्हटलं होतं, पण हा बदल त्यांना कळण्याचं कारण नव्हतं. दावा नाही तर नाही, निदान आई तरी पडायची नाही.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, काठी भिंतीला टेकलेली. भावजय चहा ठेवायला आत गेली. धाकटा दारात उभा राहून फोनवर कुणाला तरी माल पोचल्याचं विचारत होता. ताईने काठी उचलून मांडीवर घेतली. राखाडी रंग, तीन कंगोरे, एका बाजूने जास्त झिजलेले. आई डाव्या पायावर भार देते, तेव्हा हे तसंच असायला हवं होतं. तिने बूट पिळून काढला आणि आत बोट घातलं.

तळाशी गार लागलं.

तिने बोट गोल फिरवलं. चकतीची कड सगळीकडून नीट बसलेली होती. यंत्रावरच्या काकांच्या हातची.

"काय शोधतेस त्यात?" धाकट्याने फोन खिशात टाकत विचारलं.

"हा माझा आहे."

"मग? आईच्या काठीला मी तुझाच लावतो. दुकानातून विकत आणतो हं, फुकट नाही मागत." तो हसला. एवढ्यासाठी तरी बहिणीने बरं म्हणावं, अशी त्याची अपेक्षा असावी.

"का?"

"का म्हणजे काय? आई पडली तर?"

"बघ, किती जपतो मला," आई म्हणाली. "तू उगाच त्याच्यावर डूख धरून असतेस."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी अशी काही नव्हतीच. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्याला शांत झोप लागत होती, कारण बाकीचे पडणारे कुणी त्याची आई नव्हते. आणि इतके दिवस आपण राखलं ते हेच, असं तिच्या मनात आलं. पर्समधला नवा बूट लाज वाटावी इतका हलका होता. ती तरी इथे कशासाठी आली होती? एकटी आई सांभाळायला, त्याच्यासारखीच.

भावजयीने चहा आणून ठेवला. कुणी कप उचलला नाही.

ताईने बूट परत काठीला पिळून बसवला, काठी जमिनीवर दाबून पाहिली, आणि आईच्या हातात दिली. आईचा हात आपल्या हाताखाली मुठीवर तसाच ठेवून ती धाकट्याकडे न पाहता, आईला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली,

"आई, मी याच्यावर दावा लावतेय. उद्या सही करणार आहे."