मधल्या भिंतीला पाणी

“वैनी, ह्या मधल्या भिंतीला पानी मारू नका. बाकीच्यांना मारा,” ईश्वर मुकादम म्हणाला आणि जिना उतरू लागला.

अनसूया हातात पाइप धरून तशीच उभी राहिली. नव्या बांधलेल्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, एवढंच तिचं काम. भाईंदरला इंद्रलोक वस्तीच्या पुढे उठलेल्या या इमारतीतली एकही भिंत तिने कोरडी राहू दिली नव्हती. आणि आता नेमकी तिसऱ्या मजल्यावरची, दोन घरांमधली भिंत तहानलेली ठेवायची?

“अहो भाऊ, पाण्याशिवाय सिमेंट धरणार कसं? हात लावला तरी वाळू गळेल.”

“गलू दे. वरून ऑर्डर हाय.”

ऑर्डर कसली, कामचुकारपणा असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. जगात जे काही बिघडतं ते आळसाने बिघडतं, यावर अनसूयाचा ठाम विश्वास होता. लबाडी तिला चटकन सुचतच नसे. मग दुपारी सगळे जेवायला बसले की ती बादली घेऊन गुपचूप वर जायची आणि मगाने त्या भिंतीला पोटभर पाणी पाजायची. ओलं गोणपाट लावून ठेवायची आणि ईश्वर फेरीवर यायच्या आत काढून घ्यायची.

कारण ती भिंत तिने आपली मानली होती. समोरच्या उंच टॉवरला महापालिकेने काही मजले वाढवून दिले होते, ते मागच्या बाजूला गरिबांसाठी लहान घरं बांधायची या अटीवर. हे तिला सेल्स ऑफिसातल्या समीक्षाने समजावून सांगितलं होतं. घरासाठीचा अर्जसुद्धा त्या पोरीनेच भरून दिला. त्या दिवशी पेणकरपाड्यातल्या खोलीवर पोचल्या पोचल्या अनसूयाने ही बातमी नवऱ्याला दिली.

“आपल्या घरांपायी त्यांना वरचे मजले मिळाले म्हणे.”

“म्हणजे उपकार आपलेच की गं त्यांच्यावर,” काशीनाथ म्हणाला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

लगेच पलीकडून प्लायवूडवर दणका बसला. “अरे, सोने दो यार!”

भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश मारण्यात काशीनाथचा जन्म गेला होता. भांडी लखलखीत होऊन लोकांच्या घरी गेली आणि धूळ याच्या छातीत राहिली. मालकाने एका खोलीत मधोमध प्लायवूड ठोकून दोन भाडेकरू बसवले होते. पलीकडच्याचंही चुकत नव्हतं, तो रात्रपाळी करून आलेला असायचा. मग काशीनाथ गोधडीचं टोक तोंडात धरून खोकायला शिकला. भाडं भरलेल्या खोलीत नवऱ्याला चोरासारखं खोकताना पाहून अनसूयाचा जीव तुटायचा. तिला मोठं घर नको होतं. खिडकी नसती तरी चाललं असतं, पण भिंत पक्की हवी होती. त्या मधल्या भिंतीला लागून काशीनाथची खाट टाकायची, हे तिचं केव्हाच ठरलं होतं.

काशीनाथही रोज विचारायचा, “काय म्हणतेय आपली भिंत?”

“पाणी पितेय,” ती सांगायची.

इमारत पुरी झाली. महापालिकेचे साहेब आले, घरं मोजून गेले, कागद झाले. “काकी, कॉल येईल, टेन्शन नका घेऊ,” समीक्षा म्हणत राहिली. अनसूया आता बागेच्या कामाला होती, पण फोन कायम पोलक्यात ठेवायची.

फोन आला नाही. एके सकाळी ईश्वरच आला. “वैनी, पाइप घेऊन तिसऱ्यावर चला. धूल उडंल, पानी मारायला लागंल.”

वर दोन मजूर घण घेऊन मधल्या भिंतीसमोर उभे होते. शेजारी मितेश नावाचे एक गृहस्थ टेप घेऊन सोफ्याचं माप काढत होते. “मावशी, जरा साइडला हां, लागेल तुम्हाला,” ते अगदी सभ्यपणे म्हणाले. एक घर त्यांच्या नावावर होतं, दुसरं त्यांच्या बायकोच्या. कागदावर दोन लहान घरं तशीच राहणार होती, आत मात्र एक मोठा हॉल होणार होता. ईश्वरने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि मान फिरवली. ती भिंत पहिल्यापासून महापालिकेला दोन घरं मोजून दाखवण्यापुरतीच बांधली होती.

पहिला घण बसला आणि परत फिरला. दुसऱ्याने जेमतेम टवका उडाला.

“मुकादम, ये तो पत्थर है!” मजूर ओरडला.

चहाच्या आत भिंत खाली, असा ईश्वरचा हिशेब होता. त्याने भिंतीवरून बोटं फिरवली, सांध्यातलं सिमेंट नखाने खरवडून पाहिलं. नख तुटलं.

“हिला पानी कोनी मारलं?”

“मी मारलं,” अनसूया म्हणाली.

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. पण ईश्वर तिच्याजवळ आला. मितेशना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “वैनी, ही जागा आमच्या बापाची भातशेती होती. मला तरी इथं कुठं घर मिलालं?”

ती पाइप धरून उभी राहिली. घण बसत होता आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, टिक गं बाई, टिक. टिकून काही उपयोग नव्हता हे तिला कळत होतं, तरी म्हणत होती. भिंतही वेडी, दुपारपर्यंत हलली नाही. मजूर बदलले, ब्रेकरचं मशीन मागवलं. दिवेलागणीला मध्ये भोक पडलं, त्यातून पलीकडचा ओटा दिसला आणि मग सगळी भिंत खाली आली.

“मारा पानी,” ईश्वर म्हणाला.

विटांच्या त्या ढिगावर तिने पाणी मारलं. भिंतीला मारायची तसंच, बेताच्या धारेने, सगळीकडून सारखं.

खाली समीक्षाने तिला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला. “काकी, खरंच सॉरी. सगळी घरं आधीच विकली गेलीत. मला पण आत्ताच कळलं.” अनसूयाने ग्लास रिकामा केला. दिवसभर पाणी मारून तिने स्वतः घोटभरही प्यायलं नव्हतं.

पेणकरपाड्यात काशीनाथ जागा होता. तिच्या केसांतली सिमेंटची धूळ त्याला दिव्याच्या उजेडात दिसली असेल किंवा नसेल. त्याने नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणतेय आपली भिंत?”

अनसूयाने उगाच स्टोव्हची वात वरखाली केली. सांगायला हवं होतं. आज नाही जमलं.

“भारी पक्की झालीय,” ती म्हणाली. “आज दिवसभर घण मारून बघितले त्यांनी. दमली माणसं.”

“बघ! म्हटलं नव्हतं मी?” काशीनाथला इतका आनंद झाला की तो उठून बसला. “म्हणजे आता मोकळेपणी खोकायला हरकत नाही.”

आणि त्याला खरंच खोकला आला. त्याने सवयीने गोधडीचं टोक ओढलं आणि तोंडात धरलं.