पाच मिनिटांचं इंजिन

सासूबाईंनी तीस वर्षं होडीतून टपाल वाटलं. तळ्यापलीकडच्या घरांना धड रस्ता नव्हता, पण पत्र वेळेवर मिळायचं. सासूबाई आणि होडीमागचं त्यांचं जुनं इंजिन, दोघांनाही दांडी मारणं ठाऊक नव्हतं. निवृत्तीला सहा महिने उरले आणि इंजिन भर पाण्यात बंद पडायला लागलं. दोरी ओढली की सुरू व्हायचं, पाचेक मिनिटं गुरगुरायचं आणि मान टाकायचं. तिसऱ्यांदा वल्ही मारत परतल्यावर त्यांनी ते मेकॅनिककडे पाठवलं. त्याच्या दुकानात ते अर्धा तास अखंड चाललं.

"इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "चालवणाऱ्या हातांचं वय झालंय, एवढंच."

सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी टपालाची पिशवी परत केली.

याला दोन वर्षं झाली. इंजिन मागच्या पडवीत गोणपाटाखाली पडून होतं. मुलाने ते भंगारात द्यायची गोष्ट काढली तेव्हा सासूबाई "दे की" म्हणाल्या, पण त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत. सुनेच्या ते नजरेतून सुटलं नाही. ती शिवणकाम करायची आणि आपलं मशीन स्वतःच खोलून दुरुस्त करायची. "भंगार कुठे पळून जात नाही," तिने नवऱ्याला सांगितलं. "मला आधी बघू दे."

तिने इंजिन लाकडी घोडीवर चढवलं, पंखा पाण्याच्या पिंपात बुडवला. प्लग बदलला, कार्ब्युरेटर खोलून ब्रशने घासला, टाकी धुतली, झाकणाचं हवेचं भोक मोकळं केलं. दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पाच मिनिटांनी बंद.

"प्लगची ठिणगीच जात असेल," खुर्चीवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर माझ्यासारखंच थकलंय ते. सोड आता."

"आई, ठिणगी गेली तर दिवा मालवल्यासारखं गप्प होईल ना? हे आधी जोरात धावतं, मग आचके देतं. उपाशी माणसासारखं."

रात्री काज करता करता सुनेच्या मनात एक गोष्ट घोळत राहिली. मेकॅनिककडे इंजिन चाललं, घरी चालत नाही. तिथे काय वेगळं होतं? त्याच्याकडे नुसतं इंजिन गेलं होतं, टाकी त्याने त्याची लावली होती. आणि टाकीतून इंजिनात पेट्रोल नेणारी नळीही त्याचीच.

नळीकडे तिने पाहिलंच नव्हतं, कारण सगळ्यांत नवी तीच होती. बाजारातून स्वस्तात मिळाली म्हणून तिनेच सासूबाईंना वाढदिवसाला आणून दिली होती. टपाल सुटलं त्याच वर्षी.

सकाळी तिने इंजिन सुरू केलं आणि नळीवरचा, पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी फुगा हातात धरून बसली. आवाज चढला, आचका आला, आणि तिने फुगा दाबला. इंजिनाने पुन्हा जीव धरला. दाबत राहिली तोवर चाललं, सोडल्यावर मेलं. तिने कात्रीने नळी उभी कापली. वरून काळी, गुळगुळीत. आत मात्र अस्तर सुटलेलं, स्वस्त कोटाचं दोन धुण्यांत सुटतं तसं. इंजिन ओढ घेऊ लागलं की ते अस्तर आत खेचलं जाऊन वाट बंद करत होतं.

कापलेली नळी मुकाट्याने फेकून नवी जोडता आली असती. कुणाला कळलंही नसतं. ती तुकडा घेऊन सासूबाईंकडे गेली.

"आई, हातांचं काही नव्हतं. ही नळी होती. मी आणलेली." तिने डोळे पुसले. "माझ्यामुळे तुमचं काम सुटलं."

सासूबाईंनी तुकडा उजेडात धरला, अस्तर नखाने उचकून पाहिलं. मग आपलेच दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"म्हणजे मी बरोबर चालवत होते?"

"हो."

"तो मेला मेकॅनिक!" सासूबाई म्हणाल्या आणि हसू लागल्या, डोळ्यांना पदर लावेपर्यंत. "अगं, दोन वर्षं मी चहाचा कपसुद्धा दोन हातांनी उचलतेय. रडतेस कशाला? नळी मी तरी कुठे तपासली? सुनेने दिलेली वस्तू म्हणून फडक्याने पुसत बसायचे."

दुपारी चांगल्या दुकानातली नळी आली. इंजिन पिंपात पाऊण तास चाललं. शेवटी आवाजाला कंटाळून मुलानेच ते बंद केलं.

रविवारी तिघांनी ते होडीला चढवलं. मुलगा काठावरच थांबला. त्याला पाण्याची भीती होती आणि आईपुढे ती लपवण्यात अर्थ नव्हता. सासूबाई मागे बसल्या, दोरी एकदाच ओढली, आणि होडी वळवायचा दांडा डाव्या हातात घेतला. सून घड्याळ बघत होती. सहा मिनिटं. दहा.

"ते घड्याळ ठेव बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "समोर बघ. ते निळ्या दाराचं घर दिसतंय ना, तिथली म्हातारी प्रत्येक पत्र मला दोनदा वाचायला लावायची. चल, बघू या आहे का अजून."