बाहीवरचे पांढरे ठसे

ऊर्जागुरूंनी दोन बोटांनी दाबताच पोस्टमनभाऊंचा आडवा धरलेला हात खाली आला आणि भाऊ चक्क कलंडले. सभागृहातल्या दीडशे म्हाताऱ्या माणसांनी एकदम श्वास रोखला.

"बघितलंत?" गुरू माइकवर गरजले. "तीस वर्षं पत्रांची पिशवी वाहिलेला हात! काय उरलंय त्यात? आता घाला हे शक्तीचं कडं."

भाऊंच्या मनगटात तांबूस कडे चढले. गुरूंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत 'कंपनं जुळली' असे जाहीर केले आणि पुन्हा हात दाबला. या वेळी सगळा पंजा लावून, दातओठ खाऊन. हात तसूभरही हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजोबांच्या डोळ्यांत तर पाणीच आले.

यानंतर गुरूंची नजर टेलरबाईंवर पडली. बाई दुकानातून तशाच आल्या होत्या, अंगात लांब बाह्यांचे काळे जाकीट, बोटांना कापडावर खुणा करायचा खडू. गुरूंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांना व्यासपीठावर ओढले. कड्याशिवाय हात पडला, कडे घातल्यावर टिकला. स्वतःच्याच हातावर घडले म्हटल्यावर अविश्वास तरी कसा दाखवायचा?

"आणि एक लक्षात ठेवा," गुरूंनी आवाज खाली आणला. "शक्तीची टाकी भरूनच माणूस जन्माला येतो. साठीनंतर जो उठाबशा काढतो, वजनं उचलतो, तो त्या टाकीला भोक पाडतो, भोक! अंग दुखलं म्हणजे गळती लागली समजा."

बाई मनात हिशेब करू लागल्या. आठवड्यापूर्वी दवाखान्यातल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम सांगितला होता. बाईंनी तो चार दिवस केला होता आणि त्यांच्या मांड्या चांगल्याच आंबल्या होत्या. म्हणजे गळती कधीच सुरू झाली होती तर!

बाईंच्या भीतीला कारणही तसेच होते. दोन महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. हाड मोडले नाही, पण उठता येईना. पाय होते, पण जणू दुसऱ्याचे. गार फरशीवर तीन तास पडून त्या नळाचे थेंब मोजत होत्या. शेवटी बादली पालथी घालून, तिच्यावर रेलून कशाबशा उठल्या. त्या दिवसापासून आंघोळीला जाताना त्या आधी बादली हाताशी ओढून ठेवायच्या. ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती. लेकीला कळले असते तर तिने त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या घराला आणि खालच्या दुकानाला कुलूप ठोकले असते. "आई, आता एकटीनं राहायचं नाही," हे वाक्य बाईंना फरशीइतकेच गार वाटायचे.

त्यांनी कडे घातले आणि व्यायाम बंद केला. जाकिटावर खडूचे डाग दिसले, ते ब्रशने झटकून टाकले.

तीन आठवडे गेले. एका दुपारी दुकानात टाचणी पडली म्हणून बाई खाली बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. कडे मनगटात चकाकत होते, पण पाय काही ऐकेनात. 'टाकी संपली,' एवढेच त्यांच्या मनात आले. अर्ध्या तासाने एक गिऱ्हाईक आले, तिने हात देऊन उठवले. "काही नाही गं, पायाला मुंग्या आल्या," बाई हसून म्हणाल्या. त्या हसण्यात काही जीव नव्हता.

डॉक्टरीणबाईंसमोर मात्र त्यांचा बांध फुटला. नळाच्या थेंबांसकट त्यांनी सगळे सांगितले.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तदाब मोजला, गुडघे तपासले, मग विचारले, "काकू, मशीन वर्षभर बंद ठेवलं तर काय होतं?"

"जाम होतं."

"मग? टाकीबिकी काही नसते. स्नायूला काम दिलं की तो वाढतो, सत्तरीतही वाढतो. बसवून ठेवला की झिजतो. तुमचे तीन आठवडे बसण्यात गेले, म्हणून तुम्ही खाली अडकलात."

"पण दुखतं ना!"

"मांडी आंबली तर ते कामाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं, गरगरलं, तर तिथंच थांबायचं आणि मला कळवायचं. खुर्ची भिंतीला टेकवायची. सुरुवातीला पाचच वेळा उठायचं, हातांचा आधार घेऊन. श्वास कोंडायचा नाही. एक दिवस आड. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पुरेत. घाई करायची नाही, फुशारकी तर अजिबात नाही."

"आणि कड्यानं हात टिकला तो?"

"हात म्हणजे दारच समजा. दार कडीपाशी ढकललं तर बोटानं हलतं. बिजागरीपाशी ढकलून बघा. त्यांनी हात कुठं दाबला होता, आठवतंय का?"

बाईंना हात आठवला नाही, पण डाग आठवले. मनगटापाशी बोटांचे दोन पुसट ठसे, आणि कोपराच्या वर सगळा पंजा. शिंप्याच्या हातून कपड्यावरची खूण सुटत नाही, आणि ही खूण मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने झटकून टाकली होती! बाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी कडे काढून ठेवले, पुन्हा व्यायाम धरला आणि जमिनीवरून उठायची रीतही डॉक्टरीणबाईंकडून शिकून घेतली.

तीन महिन्यांनी गुरू पुन्हा आले. आता सभागृह खचाखच भरले होते. कार्यक्रम जाहीर झाला होता: पोस्टमनभाऊ काठीचा त्याग करून व्यासपीठाच्या पायऱ्या एकट्याने उतरणार, आणि त्याआधी टेलरबाई आपला अनुभव सांगणार. आईचे कौतुक ऐकायला लेक पहिल्या रांगेत येऊन बसली होती. तिला पाहून बाईंचे अवसानच गळाले. खरे बोलायचे तर न्हाणीघर आले, आणि न्हाणीघर आले की घर गेले.

तेवढ्यात भाऊंनी काठी गुरूंच्या हाती दिली. त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या, पुढ्यात दगडी पायऱ्या होत्या. हे पडले तर कुठली बादली शोधणार, या विचारानेच बाई उठल्या.

"भाऊ, आधी खुर्चीत बसा. गुरुजी, पहिला मान माझा ना?" त्यांनी गुरूंचे दोन्ही हात भक्तिभावाने आपल्या हातांत घेतले आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवले.

गुरू खूश झाले. त्यांनी कड्याशिवाय हात दाबला. तो पडला. कडे घालून दाबला. तो टिकला. टाळ्या सुरू होताच बाईंनी हात वर करून काळ्या जाकिटाची बाही लोकांपुढे धरली.

"मी हाताला खडू फासून आले होते, तो गुरूंच्या हातांना लागला. बघा. पडला तेव्हा बोटं मनगटावर. टिकला तेव्हा पंजा इथं, कोपराच्या वर. शक्ती कड्यात नाही, दाबायच्या जागेत आहे."

"ही... ही कंपनांची धूळ आहे!" गुरू म्हणाले.

"मग धूळ झटकून करू. आता कडं तुम्ही घाला, मी मनगट दाबते."

"गुरूवर प्रयोग होत नसतो!"

"माझ्यावर करा," खुर्चीतून भाऊ म्हणाले. बाईंनी कडे घातलेले मनगट दाबले, हात खाली आला. कडे काढून कोपराच्या वर दाबले, हात जागचा हलला नाही. मग लोक एकमेकांचेच हात दाबून पाहू लागले आणि सभागृहात नुसता गोंधळ उडाला. त्या गोंधळात गुरू मागच्या दाराने कधी सटकले, कळलेच नाही.

पण बाईंचे खरे काम अजून बाकी होते. लेकीकडे न बघता त्या बोलल्या.

"सहा महिन्यांपूर्वी मी न्हाणीघरात पडले. तीन तास उठता आलं नाही. त्या भीतीपोटी मी हे कडं घातलं, व्यायाम सोडला आणि आणखी दुबळी झाले. घाबरलेल्या माणसाला कुणीही काहीही विकतं. म्हणून भीती वाटली तर लपवू नका, तपासून घ्या. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हात कुठं ठेवला होता?"

मग त्या व्यासपीठावर सावकाश खाली बसल्या. सगळ्यांसमोर अडकले तर, असे बाईंच्या मनात येऊन गेले. त्या कुशीवर वळल्या, हातागुडघ्यांवर आल्या, खुर्चीवर हात टेकले, एक पाऊल पुढे रोवले, श्वास सोडला आणि उभ्या राहिल्या.

"काठी द्या माझी," पोस्टमनभाऊ म्हणाले. "आणि हे पुन्हा दाखवा. हळू."

लेक पायऱ्या चढून वर आली होती.

"आई, तीन तास?"

"तीन तास," बाई म्हणाल्या. "आता अर्धं मिनिट लागतं. तूच पाहिलंस ना?"