शेवटी वर गेलेला हात

मी बहिरा होत चाललो आहे, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, याचा मला अभिमान होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. छापखान्यात पस्तीस वर्षं मशीन चालवलं. तिथल्या धडधडाटात कोण काय बोलतंय ते ओठांवरूनच ओळखावं लागतं. ती विद्या म्हातारपणी कामाला आली. समोरच्याचं तोंड दिसलं की माझं भागत होतं. बायको असती तर तिने मला आठवड्यात पकडलं असतं. ती गेल्यावर घरात माझ्या पाठीमागून बोलणारं कुणी उरलं नाही, म्हणून सगळं खपून गेलं.

लेकीला मात्र संशय होता. तिला नव्या नोकरीत दर शनिवारी जावं लागणार होतं आणि सहा वर्षांच्या नातीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. पाळणाघर की मी? मी छाती पुढे काढून म्हटलं, मी असताना पाळणाघर कशाला? ती म्हणाली, आधी कान तपासून घ्या. मी म्हणालो, कान ठणठणीत आहेत, तूच पुटपुटतेस. बरीच वादावादी झाल्यावर तिने एक शनिवार परीक्षेचा दिला. कलासंग्रहालयात त्या दिवशी मुलांसाठी आणि घरच्यांसाठी संगीताचे खेळ होते, तेही मोफत. फुकट ते पौष्टिक, म्हणून मी लगेच हो म्हटलं. बहिऱ्या माणसाने परीक्षेला संगीत निवडलं, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

पहिला तास छान गेला. चित्रासमोर उभं राहायचं आणि त्याला शोभेल असं वाद्य टोपलीतून घेऊन वाजवायचं. नातीने वादळाच्या चित्राला खंजिरी बडवली. मी बाकीच्या आजोबांकडे जरा कीव करून बघत होतो, कारण त्यांना बाईंना पुन्हा पुन्हा विचारावं लागत होतं. संगीताच्या बाई बोलताना तोंड मोठं उघडत, त्यामुळे मला काहीच अडचण नव्हती.

मग बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. त्या पितळेची वाटी वाजवणार, नाद विरत जाणार, आणि ज्याला तो ऐकू यायचा थांबेल त्याने हात वर करायचा. मी डोळे मिटले. मला तर वाटी वाजल्याचंही कळलं नाही. प्रामाणिक माणसाने तेव्हाच हात वर केला असता. पण सगळ्यात आधी आपला हात गेला तर शोभा होईल, म्हणून मी तो मांडीवर दाबून धरला. थोडं थांबू, मग करू. बराच वेळ थांबलो आणि अगदी सावकाश, ऐकल्यासारखी मान कलती करून, हात वर केला. डोळे उघडले तर सगळे टाळ्या वाजवत होते. बाकीच्यांचे हात केव्हाच खाली आले होते. बाई म्हणाल्या, इतके तयार कान त्यांनी पाहिले नाहीत. नात माझ्याकडे अशी बघत होती की मी मान झुकवून टाळ्या स्वीकारल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढच्या खेळात एकाने लपून हातघंटी वाजवायची आणि दुसऱ्याने आवाजावरून त्याला शोधायचं. बाकी सगळ्यांना खालचं एक दालन दिलं. माझे कान तयार म्हणून बाईंनी आम्हाला वरचा अख्खा मजला दिला. मी नाही म्हणायच्या आत नात घंटी घेऊन जिना चढून गेली.

वर चार दालनं होती. मी चारही फिरलो. पुन्हा फिरलो. प्रत्येक दारात थांबून श्वास रोखला. कानात फक्त माझी जुनी घरघर होती. पहिली पाच मिनिटं मला शनिवार जाणार याची भीती वाटत होती. दहा मिनिटांनंतर पोर गेली कुठे, याची वाटायला लागली, आणि माझ्या पाचावर धारण बसली. शेवटी एका पहारेकऱ्याकडे लक्ष गेलं. तो कानांत बोटं घालून दगडी घोड्याकडे रागाने बघत होता. घोड्याच्या चौथऱ्यामागे नात बसली होती. एका हाताने घंटी वाजवत होती आणि दुसऱ्याने डोळे पुसत होती.

"तू दोनदा इथून गेलास, आबा. मी वाजवत होते. मग आणखी जोरात वाजवली."

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने माझ्या कानांकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आईला नको सांगूया. नाहीतर शनिवार जाईल."

आणि मी, सत्तरीला टेकलेला माणूस, चटकन हो म्हणालो. लाजेचं आयुष्य तेवढंच होतं.

लेक दुपारी संग्रहालयाच्या दारात भेटली. सगळं ठीक झालं ना, असं तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नातीने सांगून टाकलं की आबाने तिला पटकन शोधलं, एका मिनिटात. बोलताना ती गोड हसली आणि अजिबात अडखळली नाही. ते हसू मी ओळखलं. दाढी करताना रोज आरशात दिसतं. दोन वर्षांत मी एवढंच कमावलं होतं, आणि तिने ते एका सकाळीत उचललं होतं.

"खोटं आहे," मी म्हणालो. "ती पंधरा मिनिटं घंटी वाजवत रडत होती. मला ऐकू येत नाही. शनिवारी तिला माझ्याकडे ठेवू नकोस."

माझ्या कानाजवळ तोंड आणून लेक जे बोलली ते मला स्वच्छ ऐकू आलं, आणि तिकीट खिडकीपाशी उभ्या असलेल्या लोकांनाही. थोडक्यात सांगायचं तर गुरुवारी कानांचे डॉक्टर आणि तोवर पाळणाघर. पुढचं काय ते कानात मशीन बसवल्यावर बघू.

नातीने माझा हात सोडला आणि ती तरातरा पुढे चालू लागली. पाठ आमच्याकडे करून ती काहीतरी बडबडत होती. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. नेहमीसारखं हसून वेळ मारून नेता आली असती.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

ती थांबली, परत आली, माझ्या समोर उभी राहिली आणि तोंड मोठं उघडून म्हणाली, "खोटारडा म्हणाले." मग मला नीट कळलं की नाही, ते बघत तिथेच थांबली.